४६० चौरस फुटांचे घर, सहा लाख रुपये आणि इंदिरानगरातील १९९६ ची इमारत

इंदिरानगर_दुसरामजला (धागाकर्ती):

नमस्कार. आमच्या घराच्या दुरुस्तीचा विषय गेली चार वर्षे ‘दिवाळीनंतर बघू’ या एकाच वाक्यावर अडकून पडला होता. या वर्षी न्हाणीघराच्या भिंतीची ओल शयनगृहातील कपाटाच्या पाठीपर्यंत पोहोचली आणि सासूबाईंच्या दोन पैठण्यांना बुरशी लागली, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. घर नाशिकच्या इंदिरानगरात, १९९६ मध्ये बांधलेल्या तीन मजली, उद्वाहन नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. चटईक्षेत्र सुमारे ४६० चौरस फूट असून दिवाणखाना, शयनगृह, स्वयंपाकघर, वेगवेगळे न्हाणीघर व शौचालय आणि दिवाणखान्याला लागून चार फूट रुंदीची गॅलरी अशी रचना आहे. राहणारे आम्ही तिघे: मी, यजमान आणि ७१ वर्षांच्या सासूबाई.

हाताशी सहा लाख रुपये आहेत आणि कर्ज काढायचे नाही. तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके घेतली. पहिल्यात फॉल्स सीलिंग व टीव्हीच्या भिंतीसाठी जवळजवळ लाखभर रुपये दाखवले होते, तर न्हाणीघराच्या जलरोधनासाठी फक्त एक ओळ होती, तीही ‘आवश्यकतेनुसार’. मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गॅलरीची भिंत काढून दिवाणखाना मोठा करावा का? जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली तर चालते का? आणि सगळे काम एकाच ठेकेदाराला द्यावे की गवंडी, प्लंबर, सुतार वेगवेगळे गाठावेत?

निवृत्त_स्थापत्य:

गॅलरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे झालेली चूक पैसे टाकून निस्तरता येत नाही. त्या काळातील बहुतेक इमारतींत गॅलरीची स्लॅब तुळईतून बाहेर झुकलेली असते आणि तिच्या खालून कोणताही आधार नसतो. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, त्यामुळे वरून छिन्नी चालवून उतार काढणे किंवा दिवाणखान्याशी पातळी जुळवण्यासाठी तीन-चार इंच विटांचे तुकडे व कोबा भरणे हे दोन्ही घातक आहे. मधली भिंत साडेचार इंची असली आणि ती केवळ भरावाची, म्हणजे इमारतीचा भार न पेलणारी असली, तरी गॅलरी बंदिस्त करणे हा मंजूर नकाशातील बदल ठरतो व त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते. माझा सल्ला असा, की भिंत राहू द्यावी, दार मात्र काढून तिथे पूर्ण उंचीची सरकती काच बसवावी. दिवाणखाना मोठा होणार नाही, पण मोठा वाटेल, आणि जूनमध्ये वाऱ्याबरोबर येणारा पाऊस गॅलरीतच थांबेल.

फरशीवर फरशी बसवण्याबद्दल लोकांना वजनाची भीती वाटते, ती थोडी मोजून पाहू. नऊ-दहा मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल आणि तिच्याखालील अॅडेसिव्ह (चिकटवण्याचे मिश्रण) मिळून दर चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलो भार वाढतो. निवासी खोल्यांची स्लॅब माणसे व सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून आखलेली असते. तेव्हा एक थर वाढल्याने सुस्थितीतील स्लॅबला धोका नसतो. मात्र पूर्वी कोणी असा थर चढवला असेल, तर दुसरा चढवू नये. अडचण येते ती दारांची. पातळी अर्धा-पाऊण इंच वर आली की प्रत्येक दार खालून तासावे लागते, आणि न्हाणीघराचा उंबरठा बुटका पडला तर पाणी शयनगृहात येते. आधी एका नाण्याने जुनी फरशी ठोकून पाहा. जिथे आवाज पोकळ येतो तेवढ्या फरश्या काढून तिथे भरून घ्या, मग वर नवी बसवा. न्हाणीघर व शौचालयात मात्र हा प्रकार अजिबात करू नका.

पंचवटी_तळमजला:

काकांच्या शेवटच्या वाक्याखाली मी जाड रेघ ओढतो, कारण मी वरच्या घराच्या दुरुस्तीचे फळ भोगणारा शेजारी आहे. आमच्या वरच्या मंडळींनी जुन्या फरशीवरच सुंदर नवी फरशी बसवली आणि सहा महिन्यांत आमच्या न्हाणीघराच्या छताला पांढरी मिठे फुटली. प्लॅस्टर खरवडून तीनदा रंग दिला, दर वेळी तोच नकाशा पुन्हा उमटला. वरचे म्हणतात, ‘आमचे तर सगळे नवीन आहे.’ नवीन आहे ते वरून दिसणारे. खालच्या खड्ड्यात जुने पाणी साचलेलेच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इमारतींत न्हाणीघराची स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली असते, त्या खड्ड्यातून पाइप नेतात आणि तो विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा करतात. फरशीच्या सांध्यातून झिरपलेले पाणी या विटा पिऊन बसतात आणि मग सवडीने खाली सोडतात. म्हणूनच वरच्यांनी पंधरा दिवस नळ बंद ठेवला, तरी आमचे छत गळतच होते. धागाकर्त्या ताईंना एकच विनंती: खड्डा पूर्ण रिकामा करून स्लॅबपर्यंत जा. त्यांच्या खाली राहणाऱ्यांच्या वतीने हात जोडतो.

निवृत्त_स्थापत्य:

अगदी बरोबर, फक्त क्रम नीट लिहून ठेवतो, कारण ठेकेदार तो सोयीने बदलतात. भराव काढून स्लॅब झाडून-धुऊन घेतल्यावर आधी जुन्या पाइपांची भोके आणि भिंत व स्लॅब यांचा कोपरा भरून गोलाई द्यावी. मग पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर निदान फूटभर वर चढवलेले. अंघोळीच्या बाजूला भिंतीवर सहा फुटांपर्यंत. हा लेप वाळल्यावर खड्ड्यात पाणी भरून किमान ४८ तास ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. त्यानंतरच पाइप, भराव व कोबा. कोब्यावर पुन्हा लेप, पुन्हा पाणी, मग फरशी. दोनदा पाणी भरणे म्हणजे चार-पाच दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस वाचवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. फरशीचा उतार जाळीकडे सहा फुटांत पाऊण इंच इतका तरी हवा. मिस्त्री गेल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहायचे, ते कुठे थांबते ते कळते.

इंदिरानगर_दुसरामजला:

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. गॅलरीचा विचार सोडून दिला आहे आणि काम कालच सुरू झाले. सासूबाईंना सहा आठवड्यांसाठी नणंदेकडे देवळालीला पाठवले आहे. जाताना ‘माझा माळा मोडू नका’ एवढेच त्यांनी बजावले.

न्हाणीघर फोडल्यावर जे निघाले ते अंदाजपत्रकात कुठेही नव्हते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कापला, तर आतून गंजाने इतका भरला होता की पेन्सिल जेमतेम गेली असती. गेली दहा वर्षे आम्ही पाण्याच्या कमी दाबासाठी गच्चीवरील टाकीला दोष देत होतो. शौचालयाच्या ट्रॅपचा, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या पाइपचा, सांधा नुसत्या सिमेंटने बांधलेला होता आणि तो तडकला होता. खड्ड्यातील विटा बाहेर काढल्या तेव्हा त्यांतून पाणी ठिबकत होते. ठेकेदार म्हणाला, ‘ताई, वरचे सहा इंच काढून केमिकल मारू, चालते.’ मी त्याला पंचवटीकरांचा मजकूर वाचून दाखवला. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी दोन माणसे जास्त घेऊन आला.

आणखी एक प्रश्न उपस्थित झाला आहे. न्हाणीघर व शौचालय एकत्र करून एक मोठी खोली करावी, असे यजमानांचे मत आहे.

देवळाली_कॅम्प:

तीन माणसांच्या घरात सकाळी सात वाजता त्या एकत्र खोलीच्या दाराबाहेर कोण उभे राहील, हे यजमानांना विचारून पाहा. आम्ही एकत्र केले आणि आता पस्तावतो आहोत. शिवाय सासूबाईंसाठी ओली जमीन हा सर्वांत मोठा शत्रू आहे. वेगळे शौचालय कोरडे राहते.

भारतीय पद्धतीचे भांडे काढून कमोड बसवणार असाल, तर दुकानात जाण्यापूर्वी मोजमाप घ्या. भिंतीच्या फरशीपासून मैलापाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर चार, नऊ किंवा बारा इंच अशा ठरावीक मापांत येते. आम्ही सवलतीत मिळाला म्हणून कमोड आधीच आणला आणि मग त्याच्यासाठी पाइप सरकवला, त्यात सवलत वाहून गेली. आणि आधाराच्या दांड्या आत्ताच ठरवा. फरशी लावण्यापूर्वी त्या जागी भिंत भक्कम आहे ना, हे पाहून घेता येते. नंतर पोकळ फरशीत भोक पाडून बसवलेली दांडी ऐन वेळी हातात येते.

वायरिंग_सातपूर:

मी विजेच्या कामाविषयी लिहितो, कारण धागा फरशीतच अडकला आहे आणि फरशी होण्यापूर्वीच भिंतीत खाचा मारायच्या असतात. १९९६ मध्ये घरात एक फ्रिज, एक टीव्ही आणि एक मिक्सर इतकाच भार गृहीत धरला जाई. अनेक ठिकाणी सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्यामागे अर्थिंगची तार नसतेच. एक सॉकेट उघडून पाहा, समजेल. सर्व तारा बदलायच्या असतील तर दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर सॉकेटला अडीच आणि गिझर व वातानुकूलन यंत्राला प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बोर्डापासून थेट ओढावी. प्रत्येक मंडलाला (सर्किटला) वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि त्यांच्या अलीकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच असावा. फ्यूज घर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या हाताने गिझरचे बटण दाबणाऱ्या घरात तो चैनीचा भाग नाही. भार वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा, नाहीतर आतल्या जाड तारांना बाहेरची बारीक तार पुरी पडत नाही.

प्लॅस्टर भरण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा, शेजारी टेप धरून. पुढे पडद्याची दांडी लावताना ड्रिल कुठे नेऊ नये, हे त्यावरून कळते.

ओट्यापाशी_तीस_वर्षे:

स्वयंपाकघराविषयी पुरुष मंडळींनी अद्याप एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून मी लिहिते. ओट्याची उंची सुतार किंवा गवंडी ठरवतो, आणि त्याच्या कंबरेला पोळ्या लाटायच्या नसतात. बत्तीस इंच आणि चौतीस इंच यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या खांद्याला तो दहा वर्षांत चांगलाच समजतो. पोळपाट-लाटणे घेऊन एका टेबलावर खाली पुस्तके रचत जा आणि कोपरापासून चार बोटे खाली येईल ती उंची मिस्त्रीला सांगा. घरात दोघी उंचीने वेगळ्या असतील, तर जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप घ्यावे, यात मानापमान आणू नये.

ट्रॉल्यांच्या प्लायवूडमध्ये सर्वाधिक फसवणूक होते. सिंकच्या खाली व आजूबाजूला आयएस (भारतीय मानक) ७१० चिन्हाचे, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारे प्लायच हवे. आयएस ३०३ चे साधे प्लाय शयनगृहातील कपाटाला ठीक. चिन्ह प्लायच्या तक्त्याच्या कडेवर छापलेले असते, पण कापल्यावर ते नाहीसे होते, तेव्हा तक्ते घरात येताना पाहावेत. माझे मत विचाराल तर सिंकखाली ट्रॉली करूच नये. कडाप्प्याच्या उभ्या फळ्या, खाली फरशी आणि पुढे एक दार पुरे. तिथे गळती झाली तर दिसते तरी. वर ग्रॅनाइट काळा घेतला की डाग दिसत नाहीत, हे खरे आहे, पण झुरळही दिसत नाही.

गॅसची पाइपलाइन आली असेल, तर ती ओट्याच्या कामासाठी प्लंबरकडून हलवू नका. कंपनीकडे अर्ज करून त्यांच्या अधिकृत माणसाकडूनच काम करून घ्यावे लागते, आणि त्याला दिवस लागतात, म्हणून अर्ज सर्वांत आधी.

इंदिरानगर_दुसरामजला:

पुस्तकांचा प्रयोग केला. माझे माप साडेतेहेतीस इंच आले, आणि सासूबाईंनी फोनवरून ‘आता पोळ्या तूच कर’ असा निकाल दिला.

सहनिवास_सचिव:

कोणी न विचारलेला, पण महत्त्वाचा भाग कागदपत्रांचा आहे. नाशिकमधील अनेक लहान इमारती सहकारी गृहनिर्माण संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. दारावर दोन्हींच्या ‘सोसायटी’ असेच लिहिलेले असते. तुमची इमारत कशात बसते ते पाहा, कारण नियम त्यानुसार लागू होतात. सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) पावसाची व सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, तर घरातील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती त्या सभासदाने. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी वाचावे लागतात. पंचवटीकरांनी हा आधार घेऊन वरच्यांना लेखी पत्र द्यावे. तोंडी बोलण्याची नोंद राहत नाही. आणखी एक: आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांनंतर तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. घरावर सहा लाख खर्च करणाऱ्याने आधी तो अहवाल मागून घ्यावा.

राडारोड्याविषयीही लिहितो. बांधकामाचा कचरा नेमून दिलेल्या जागीच टाकण्याचे बंधन २०१६ च्या नियमांपासून आहे, तरीही नासर्डी नदीच्या काठी रात्री ट्रॅक्टर रिकामे होतात. ‘भाऊ, कुठे टाकणार?’ हा प्रश्न ट्रॉली भरण्यापूर्वी विचारा आणि पैसे तिथून परतल्यावर द्या.

पाथर्डीफाटा_नवखा:

ठेकेदार एक की अनेक, या मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच दिलेले नाही.

निवृत्त_स्थापत्य:

रोज दोन तास कामावर उभे राहणारे कोणी घरात असेल, तर वेगवेगळे कारागीर घ्यावेत आणि साहित्य स्वतः आणावे. नसेल तर एकच ठेकेदार बरा. वेगवेगळ्या माणसांत हमखास होणारे भांडण असे असते, की प्लंबर म्हणतो फरशीवाल्याने पाइप फोडला आणि फरशीवाला म्हणतो तो आधीच गळत होता. म्हणून फरशीपूर्वी नळांच्या पाइपांना बुचे मारून दाबाची चाचणी घ्यावी आणि ती दोघांच्या समोर घ्यावी. पैसे टप्प्यांनी द्यावेत, आणि शेवटचा दहावा हिस्सा सगळे नळ, बटणे व दारे स्वतः चालवून पाहिल्यावर. साहित्य स्वतः आणताना फरशी मोजापेक्षा सात-आठ टक्के जास्त घ्या व त्याच बॅचची एक पेटी माळ्यावर ठेवा. गुजरातमधील मोरबीहून येणाऱ्या मालाची पुढची बॅच छटेने वेगळी निघते, आणि फुटलेल्या एका फरशीसाठी अख्खी खोली डोळ्यांत खुपत राहते.

इंदिरानगर_दुसरामजला:

काम काल संपले, म्हणजे रंग सोडून संपले. सहाऐवजी नऊ आठवडे लागले. हिशेब जसा आहे तसा मांडते. न्हाणीघर व शौचालय यांना १ लाख १५ हजार धरले होते, ते १ लाख ६२ हजारांवर गेले. स्वयंपाकघराचा ओटा, भिंतीच्या टाइल्स व ट्रॉल्या मिळून १ लाख ७४ हजार; वायरिंगला दिवे-पंख्यांसह ७८ हजार; तिन्ही खोल्यांत जुन्या फरशीवर नवी फरशी ५४ हजार, त्यात चार दारे तासण्याची मजुरी आहे. जाळीसह सरकत्या खिडक्या आणि गॅलरीचे काचेचे दार ४६ हजार, कपाट व पलंगाखालील कप्पे ९२ हजार, राडारोडा, हमाली व साफसफाई १६ हजार. रंगाचे ४९ हजार ठरले असून निम्मे दिले आहेत. एकूण ६ लाख ७१ हजार होतात. फॉल्स सीलिंग व टीव्हीची भिंत यादीतून वगळली नसती, तर आकडा पावणेआठ लाखांकडे गेला असता. वरचे ७१ हजार कुठून आले, हे विचारू नये. यजमानांची दुचाकी बदलायची होती, ती आता बदलायची नाही.

पहिल्यांदा पाणी भरले तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावर गेलो. छत कोरडे होते. दुसऱ्यांदा मात्र एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग दिसला. जाळीच्या पाइपभोवती लेप नीट चढला नव्हता. तेवढा भाग पुन्हा केला, पुन्हा पाणी भरले. फरशीवाला चार दिवस दुसऱ्या कामावर निघून गेला, नऊ आठवड्यांतला एक आठवडा असा गेला. एक चूक माझी आहे: वॉशिंग मशीनसाठी पाण्याचा नळ ठेवला आणि सांडपाण्याचा पाइप ठेवायला विसरले. आता नळी न्हाणीघराच्या दारातून आत सोडावी लागते आणि रोज तिच्यावर कोणाचा तरी पाय पडतो.

पाथर्डीफाटा_नवखा:

रंग का थांबवला?

इंदिरानगर_दुसरामजला:

शयनगृहाची जी भिंत न्हाणीघराला लागून आहे, तिच्यात तीस वर्षांची ओल आहे. तिचे प्लॅस्टर काढून नवे केले, त्यावर सात दिवस पाणी मारले, आणि जानेवारीच्या थंडीत ते सुकायला तयार नाही. रंगारी म्हणाला, पुट्टी भरून टाकू, उन्हाळ्यात काही झाले तर हात फिरवून देईन. निवृत्त काकांना फोटो पाठवला, त्यांनी भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायला सांगितले. सकाळी कागदाच्या आतून थेंब होते. त्यामुळे ती एक भिंत मार्चअखेरपर्यंत उघडी राहील आणि कपाट तिच्यापासून चार बोटे पुढे राहील. सासूबाई परवा देवळालीहून परत आल्या. सगळ्यात आधी त्यांनी स्टुलावर चढून माळा पाहिला, मग पैठण्या कुठे ठेवल्या ते विचारले.